दोष शेवटच्या हाताचाच?

वस्तू ज्याच्या हातात असताना मोडते, तोच तिला मोडणारा, असा न्याय आपण घरात, बाजारात आणि शाळेतही करीत असतो. हा न्याय सोपा आहे. पण तो खरा आहे काय? मुंबई-आग्रा महामार्गावर भिवंडीपासून मालेगावपर्यंत ट्रकदुरुस्तीची गॅरेजेस आहेत. आमच्या वर्गातली काही मुले आठवी-नववीनंतर तिथेच एखाद्या उस्तादाच्या हाताखाली लागतात. त्यांच्यापुढे हा प्रश्न गंजलेल्या बोल्टच्या रूपाने उभा राहतो.

डिझेल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर टर्बोचे चक्र फिरते आणि इंजिनाला जादा हवा मिळते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. भरलेली गाडी घाट चढते तेव्हा हा धूर सहाशे-सातशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. टर्बोला मॅनिफोल्डशी आवळून धरणारे बोल्ट त्या धगीत वारंवार भाजतात आणि निवतात. त्यात पावसाचे पाणी. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून तो आट्यांत पाचरीसारखा ठासून बसतो. मग कुणीतरी घाईत ढिल्या मापाचा पाना लावतो. पाना घसरतो आणि बोल्टचे षट्कोनी डोके गोल होते.

अशी गाडी पुढे दुसऱ्याच गॅरेजात येते. जाणता मिस्त्री आधी तारेच्या ब्रशने गंज झाडतो, झिरपणारे तेल सोडतो आणि रात्रभर थांबतो. सकाळी सहा कोनांची गोटी ठोकून घट्ट बसवतो. बोल्ट हलला की जरा सोडतो, जरा आवळतो, पुन्हा सोडतो. नाहीच हलला तर तेल पुसून गॅसची ज्योत धरतो. शेवटी बॅटरीची वायर काढून त्या गोल डोक्यावर नवा नट वेल्ड करतो. त्यामुळे पकडही मिळते आणि वेल्डिंगच्या धगीने गंजाची मिठीही सैल होते. एवढे करूनही कधी कधी बोल्ट तुटतो. अर्धा आत राहतो. मग ड्रिल, टॅप आणि वाया गेलेला दिवस.

मालक विचारतो, ‘कुणी तोडला?’ बोट बहुधा सर्वांत लहान हाताकडे वळते. पाना धरलेल्या पोराची मजुरी कापली जाते. गळतीचा आवाज ऐकूनही गाडी पळवणारा मालक सुटतो. चुकीचा पाना लावणारा आधीचा कारागीरही सुटतो. आम्हा शिक्षकांना हा हिशेब नवा नाही. मूल दहावीत नापास झाले की दहावीच्या शिक्षकाला जाब विचारतात. तिसरीत त्याला वाचता येत होते का, हे कोण विचारतो?

मग शेवटचा हात निर्दोष म्हणायचा काय? तसेही नाही. तुटणे वेगळे, तोडणे वेगळे. तेल सोडून वाट पाहणाऱ्याच्या हातूनही बोल्ट तुटतो आणि पहिल्याच झटक्याला पान्यात पाइप घालून जोर करणाऱ्याच्या हातूनही. नुकसान एकच, पण त्याआधी कुणी किती काळजी घेतली, हे न्यायाने पाहायला हवे. शिवाय शेवटच्या हाताचे एक कर्तव्य कुणालाच वाटून देता येत नाही. ते म्हणजे खरे सांगणे. उरलेल्या बोल्टांवर टर्बो आवळून, फटीत सीलंट भरून गाडी सोडून देणे अवघड नाही. पण तो सीलंट फार दिवस टिकत नाही. गाडी घाटात दम टाकते, गळणारी धग शेजारच्या वायरी जाळते. गंजाचा दोष अनेकांचा असेल. लपवण्याचा दोष लपवणाऱ्या एकट्याचाच.

आणखी एक गोष्ट उरते. नवा बोल्ट बसवताना इमानी कारागीर आट्यांना तापात चिकटू न देणारी तांब्याची किंवा निकेलची पेस्ट लावतो. त्याबद्दल त्याला जादा पैसा मिळत नाही. काही वर्षांनी, कुठल्या तरी परक्या गावात, एखाद्या अनोळखी पोराच्या हातून तो बोल्ट सहज सुटेल. दुवा कुणाला द्यावी, हे त्या पोराला कळणारही नाही. आपल्या आधीच्या हातांचा हिशेब आपण जरूर मागावा. पण आपल्यानंतर येणाऱ्या हातासाठी आपण काय ठेवून जातो, हेही स्वतःला विचारावे.