वळवलेले पाणी

पाण्याशी भांडू नये, त्याला वाट करून द्यावी, असे आपण सहज म्हणतो. ती वाट कोणाच्या दारावरून जावी, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही.

जुन्या नाशकातील आमच्या कौलारू घराच्या उतारावर विटांचे एक धुराडे आहे. चूल जाऊन गॅस आला, तरी ते उभेच आहे. वरून येणारे पाणी नेमके त्याच्या पाठीवर थडकते, तेथे पालापाचोळा कुजतो आणि सांध्यातून गळती सुरू होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. धुराड्यापासून आढ्यापर्यंतचा ४ मीटर लांब व १ मीटर रुंद पट्टा धरला, तर २५ मिलिमीटर पावसात त्या एवढ्याशा भिंतीवर १०० लिटर पाणी येऊन आदळते. सिमेंट आणि डांबर त्यापुढे किती दिवस टिकणार?

उपाय साधा आहे. धुराड्याच्या पाठीशी एक छोटेसे दुपाखी छप्पर बांधावयाचे. पाणी त्याच्या आढ्यावर दुभंगते आणि डावी-उजवीकडून निघून जाते. यंदा ते बांधताना गवंडी म्हणाला, "भाऊ, दोन उतार कशाला? एकच काढू. सगळं पाणी उजवीकडं जाईल, पत्राही कमी लागेल." उजवीकडे शेजारच्या काकूंची मातीची भिंत आहे. ती मी दाखवली, तेव्हा तो म्हणाला, "त्या काही बोलायच्या नाहीत."

हे मात्र खरे होते. काकू कशाबद्दलच कधी बोलत नाहीत. पण माझ्या मनात खुपले ते हेच. काकू भांडखोर असत्या, तर हा एक उतार गवंड्याला सुचलाच नसता!

या बाबतीत कायदा मोठा मजेदार आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८८२ चा. वरच्या जमिनीवरून आपसुक वाहत येणारे पाणी खालच्याने घ्यावे, असे तो सांगतो. छपराचे पाणी शेजाऱ्याच्या जागेत सोडण्याचा हक्क मात्र मिळवावा लागतो. उघडपणे, हक्क म्हणून आणि कोणाच्या अडथळ्याविना २० वर्षे सोडले, तर तो मिळतो. म्हणजे शेजाऱ्याचे वीस वर्षांचे मौन हा आपला हक्क होतो! जुने तंटे केव्हातरी मिटावेत म्हणून कायद्याला असे करणे भाग आहे. पण मनाच्या कचेरीत हा हिशेब चालू नये. गप्प राहणारा माणूस संमतीच देत असतो असे नाही. कधी तो थकलेला असतो, कधी शेजार तुटू नये म्हणून सोसत असतो.

हीच गोष्ट गोदावरीकाठी मोठ्या आकारात दिसते. धरणातून पाणी सोडले की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहून पुराचा अंदाज घेतात. पाणी उतरले की हायसे वाटते. पण ते नाहीसे झालेले नसते. ते निफाड तालुक्यातल्या सायखेडा-चांदोरीकडे गेलेले असते. ऑगस्ट २०१९ मध्ये त्या गावांत पुराचे पाणी शिरले होते. धरण वाचवायचे तर पाणी सोडावेच लागते, त्यात कोणाचा दोष नाही. तरी आपली सुटका ज्याच्या अंगणातून जाते, त्याची आठवण ठेवणे एवढे तरी आपल्या हाती असते.

मग आपले घर गळू द्यावे काय? तसे मुळीच नाही. पाऊस आभाळातून पडतो, त्याची जबाबदारी माझी नव्हे. पण मी त्याला गोळा करून दिशा दिली, की त्या क्षणापासून ते पाणी माझे झाले. ते सुखरूप जमिनीला पोचेपर्यंत माझेच असते. घरातली कटकट, कचेरीतले नकोसे काम, रस्त्यावरचा केर यांनाही हाच न्याय लागू आहे. आपण ते बहुधा वळवतो आणि संपले असे समजतो.

आम्ही दोन्ही उतार काढले. उजवीकडच्या पाण्याला वळचणीखाली लांब पन्हळ बसवून ते आमच्याच परसातल्या पेरूच्या आळ्याशी आणले. खर्च वाढला आणि गवंडी थोडा कुरकुरला. काकूंना यातले काही ठाऊक नाही. दिवाळीला त्या नेहमीप्रमाणे त्या भिंतीच्या कोनाड्यात पणती ठेवतील, तेव्हा भिंत कोरडी असेल.