नोंद आणि ऋण

आमच्या घरी एक जुनी कॅसेट आहे. आजीने म्हटलेली मंगळागौरीची गाणी तीत आहेत. ती ध्वनिमुद्रित केली, तेव्हा एक ठेवा सुरक्षित झाला असे समाधान आम्हाला वाटले. पुढे घरात ती गाणी कोणीच शिकले नाही. कॅसेट आहे या भरवशावर सगळेच निश्चिंत राहिले. नोंद करणे म्हणजेच जतन करणे काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात आहे.

आपले बडोदे लिखित शब्दाचा मान राखणारे शहर आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१६ साली, राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’ने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ झाला. पुढे येथील प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकिरामायणाची चिकित्सित आवृत्ती सिद्ध झाली. या परंपरेचा आपल्या जुन्या मराठी घराण्यांना योग्य अभिमान आहे. परंतु ज्यांचे वाङ्मय पोथीत कधी उतरलेच नाही, त्यांचे काय?

भोर येथे जन्मलेले गणेश देवी हे महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’ या त्यांच्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला होता. १९९६ मध्ये त्यांनी अध्यापन सोडले, बडोद्यात भाषा संशोधन-प्रकाशन केंद्र काढले आणि पुढे येथून सुमारे नव्वद किलोमीटरवरील तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभी केली. १९७१ पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषांची स्वतंत्र नोंद प्रसिद्ध होईनाशी झाली होती. देवींच्या पुढाकाराने २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने सातशे ऐंशी भाषांची नोंद केली. जे मोजलेच जात नाही, ते नाहीसे झाले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा नोंदीची गरज नाकारता येणार नाही.

तरीही नोंद स्वभावतः निर्दोष असते, असे म्हणता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानेही माणसांची नोंदच केली होती. नाव, ठिकाण, हजेरी यांची ती दफ्तरे होती, आणि त्या दफ्तरांनी कित्येक समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का राहिला. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये बुधन सबर याचा कोठडीत मृत्यू झाला. त्या घटनेवरील नाटक अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी उभे केले. त्यांतीलच दक्षिण बजरंगे पुढे माहितीपट करू लागले. ज्यांची नोंद दुसऱ्यांनी ठेवावी, त्यांच्याच हाती कॅमेरा आला. आमच्या मते हा फरक तंत्राचा नसून नीतीचा आहे.

तेजगढच्या परिसरातील राठवांचा पिठोरा घ्या. नवस फेडण्यासाठी घराच्या भिंतीवर लखारे तो चित्रित करतात. मग अंगात आलेला बडवा एकेक आकृती ओळखतो आणि काही उणे असल्यास दाखवून देतो. ही ओळख पटल्यावाचून चित्र पुरे होत नाही. कॅमेरा त्या रात्रीचे घोडे, रंग, वाद्यांचा नाद सारे टिपू शकेल. परंतु तो नवस त्या घराचा आहे. चित्रफीत पाहणाऱ्याने तो बोललेला नाही, आणि त्याला तो फेडताही येणार नाही.

म्हणून असे चित्रण करणाऱ्या विद्वानाला आम्ही संग्राहक न म्हणता ऋणको म्हणू. ज्याच्याकडून घेतले, त्याला ते पाहण्याचा, ऐकण्याचा, चूक दाखवण्याचा आणि प्रसंगी नकार देण्याचाही अधिकार राहिला, तरच ते ऋण फिटण्याची आशा. अकादमी शहरात न बांधता तेजगढलाच बांधण्यात हा विवेक होता, असे आम्हाला वाटते. नोंद जेथून घेतली, तेथेच ती राहिली, तर तिच्याशी वाद घालणारी माणसेही जवळ राहतात.

एका श्रावणात आम्ही ती कॅसेट लावली. मुलीने विचारले, “या ओळीनंतर पणजी हसली का?” आम्हाला सांगता आले नाही. आजीला आम्ही गायला सांगितले होते. विचारले काहीच नव्हते. हा आवाज ठेवावा की नाही, हेसुद्धा नाही. ते ऋण आता आजीला फेडता येणार नाही. मुलीला त्यांतले एक गाणे पाठ करायचे आहे. आम्हाला स्वतःला ते अर्धवटच येते. तेव्हा दोघांनी मिळून शिकायचे ठरवले आहे.