काचेपर्यंतचं माप

लॅमिंग्टन रोडवरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात एक पोरगा कामाला होता. चुणचुणीत. कुठल्या कॅबिनेटमध्ये किती लांबीचं ग्राफिक्स कार्ड जातं, हे त्याला तोंडपाठ. गिऱ्हाइकाने विचारायचा अवकाश, की आकडा हजर. शेठचा त्याच्यावर जीव होता, आणि थोडी काळजीही.

एका दुपारी ठाण्याहून एक ताई आल्या. बिल्डरांसाठी इमारतींचे थ्रीडी वॉकथ्रू करायचं त्यांचं काम. आतापर्यंत सगळं जीटीएक्स 1080वर निभावलेलं. ते 2016चं कार्ड, 267 मिलिमीटर लांब, 180 वॅटवर भागणारं. पण अलीकडचे सीन त्याच्या 8 जीबी मेमरीत मावेनात, म्हणून त्यांनी पै-पै साठवून 24 जीबीचं आरटीएक्स 4090 घेतलं होतं, आसुसचं आरओजी स्ट्रिक्स. लांबी 357.6 मिलिमीटर, उंची 149.3, जाडी 70.1. जुन्या कॅबिनेटमध्ये ते जाणं शक्यच नव्हतं. नवं त्यांनी मनात पक्कं केलं होतं: शोकेसमधलं पांढरं, पुढून आणि बाजूनं काचेचं.

पोरगा म्हणाला, "ताई, यात 365पर्यंत चालतं. तुमचं 358 धरा. बिनधास्त घ्या."

बिल निम्मं झालं होतं तेवढ्यात शेठ जेवून आले. त्यांनी कार्डाचा खोका पाहिला, कॅबिनेट पाहिलं आणि म्हणाले, "बिल राहू दे. पुठ्ठा काढ."

पुठ्ठा म्हणजे पॅकिंगच्या खोक्यातून कापून चिकटपट्टीने जोडलेला, कार्डाच्या मापाचा ठोकळा. महागडं कार्ड वारंवार आत-बाहेर करायला नको, म्हणून शेठ असे ठोकळे करून ठेवत. वजन सोडलं तर सगळं कार्डासारखं. पोरग्याने तो मदरबोर्डाच्या स्लॉटशी टेकवला. पुढच्या बाजूला अगदी बारीक फट राहिली.

"बसलं की," पोरगा म्हणाला.

"ताई, प्रोसेसरला कूलर कुठला?"

"लिक्विड. 360चा."

शेठनी त्या कूलरचा रेडिएटर आणायला लावला. रेडिएटर 27 मिलिमीटर जाड, त्यावरचे पंखे 25. तो पुढे लावायला गेलं तर ठोकळा आडवा आला. 365मधून 52 गेले, उरले 313. कॅबिनेटच्या खोक्यावर छापलेला आकडा खोटा नव्हता, रिकाम्या कॅबिनेटचा होता. घेणाऱ्याला मात्र भरलेलं कॅबिनेट वापरायचं असतं, आणि हा हिशेब दुकानदाराने सांगितला नाही तर गिऱ्हाइकाला कळणार कुठून?

पोरगा हार मानणारा नव्हता. "रेडिएटर वर लावू. वर 240चा जातो. कूलर बदलून देऊ."

"ठीक. बदलला असं समज. आता काच लाव."

काच लागली. पोरग्याचा चेहरा उजळला. शेठनी ती पुन्हा काढली, पॉवर केबलचा एक तुकडा घेतला आणि ठोकळ्याच्या वरच्या कडेला, जिथे खऱ्या कार्डाला प्लग असतो, तिथे धरला. पट्टी लावून दाखवलं: कार्डाच्या कडेपासून काचेपर्यंत दोन सेंटिमीटरसुद्धा नव्हते. कॅबिनेटच्या माहितीत कार्डाच्या उंचीबद्दल बहुधा काही लिहिलेलं नसतं. पण प्रोसेसरच्या कूलरला किती उंची चालते ते लिहिलेलं असतं, आणि त्यावरून काच किती अंतरावर आहे याचा अंदाज येतो. इथे 160 लिहिलं होतं. पोरग्याने तो आकडाही पाठ केला होता, फक्त कार्डासाठी तो कधी वाचला नव्हता.

"प्लगपासून 35 मिलिमीटर वायर सरळ असावी असं केबल बनवणारेच सांगतात," शेठ म्हणाले.

"थोडी वाकवू. काच जरा दाबून लावली की झालं."

शेठ चिडले नाहीत. त्यांनी सांगितलं, की 4090 ऑक्टोबर 2022 मध्ये बाजारात आलं आणि थोड्याच दिवसांत काहींचे प्लग वितळल्याच्या बातम्या आल्या. एनव्हिडियाने तपास केला, तेव्हा त्यांतल्या अनेक ठिकाणी प्लग पूर्ण आत गेलेलाच नव्हता असं दिसलं. साडेचारशे वॅट ओढणारं कार्ड, त्याचा प्लग अर्धवट बसलेला, आणि वरून काचेचा रेटा.

मग ते ताईंकडे वळले. "तुमचं रेंडर कधी चालतं?"

"रात्री. लावून झोपते मी."

"मशीन कुठे असतं?"

"मुलीच्या खोलीत. दुसरी जागा नाही."

दुकानात कुणी काही बोललं नाही. पोरग्याने हातातला केबलचा तुकडा काउंटरवर ठेवला.

त्यानंतरचं काम पटकन झालं. ताईंनी स्वतःच विचारलं, "मग कुठलं घेऊ?" मागच्या रांगेतलं एक काळं, रुंद कॅबिनेट निघालं. पुढे काच नाही, बारीक जाळी. वरच्या बाजूला 360चा रेडिएटर सहज बसला, म्हणजे कूलरही बदलावा लागला नाही. ठोकळ्याला पुढे मोकळी जागा राहिली, वायर सरळ उभी राहून काच लागली. कार्ड दोन किलोंहून जड, म्हणून खालून टेकू द्यायला एक छोटा स्टँड घेतला. दिसायला सगळं साधंच. पांढऱ्यापेक्षा स्वस्तही, त्यामुळे बिल खाली आलं. शेठनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही.

पोरग्याने मात्र दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मार्कर, पट्टी आणि रेडिएटर घेतला. एकेक कॅबिनेट उघडून तो मोजत बसला. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर कंपनीच्या आकड्याखाली त्याने आपले दोन लिहिले: पुढे रेडिएटर लावल्यावर उरणारी लांबी आणि कार्डाच्या कडेपासून काचेपर्यंतचं अंतर. पांढऱ्या कॅबिनेटखाली 313 लिहिताना तो थांबला नाही.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक ती चिठ्ठी वाचून म्हणालं, "शेजारी तर याच कॅबिनेटला 365 सांगतात."

"तेही बरोबर आहे," पोरगा म्हणाला. "कूलर कुठला लावणार ते सांगा, मग आपण मोजून बघू."

गिऱ्हाईक घाईत होतं, शेजारच्या दुकानात गेलं. पोरग्याने शेठकडे पाहिलं. शेठनी पुढचं कॅबिनेट उचलून त्याच्यासमोर ठेवलं. त्याचं माप अजून घ्यायचं होतं.