मातीचा ज्वालामुखी काय सिद्ध करतो?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मातीचा ज्वालामुखी हमखास असतो. चिकणमातीच्या शंकूत एक बाटली, बाटलीत खाण्याचा सोडा आणि लाल रंग. वरून व्हिनेगर ओतले की फेस उसळून उतारावर पसरतो. दृश्य हुबेहूब असते. पण जे मूळ वस्तूसारखे दिसते, त्याचे कारणही मूळ वस्तूसारखेच असते काय?

हा प्रश्न जुना आहे आणि भारतीय तर्कशास्त्रात तो डोंगराच्याच उदाहरणातून चर्चिला गेला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायदर्शनातले अनुमानाचे ठरलेले उदाहरण. ते उभे राहते व्याप्तीवर: जिथे धूर, तिथे अग्नी. समोर दिसतो तो धूर की बाष्प याचीच शंका असेल, तर अग्नीचे अनुमान टिकत नाही, हे धर्मकीर्तीने ‘न्यायबिंदू’त दाखवले. चार्वाकांची हरकत अधिक मूलगामी होती. सर्व काळांतला आणि सर्व स्थळांतला धूर कोणी पाहिला आहे, की व्याप्ती निःशंक मानावी? मुलांच्या हाती असलेल्या प्रयोगाचे खरे मोल हे, की अशा शंका तिथे तपासता येतात.

फेसात तापमापी धरली की पहिला धक्का बसतो. तापमान वाढत नाही, उलट काही अंशांनी उतरते, कारण सोडा आणि व्हिनेगर यांची अभिक्रिया उष्णता शोषून घेते. लाल ‘लाव्हा’ थंड निघतो. दुसरा धक्का प्रमाणाचा. सोडा दुप्पट केला तर फेसही दुप्पट येईल, असे मुलांना सहज वाटते. पण पाच टक्के अ‍ॅसेटिक आम्ल असलेल्या 100 मिलिलिटर व्हिनेगरला सुमारे 7 ग्रॅम सोडा पुरतो. त्यापुढे कितीही घातला तरी वायू वाढत नाही. मात्र हे भाकीत ओतण्याआधी वहीत लिहिलेले हवे. फेस पाहिल्यानंतर ‘मला ठाऊकच होते’ म्हणणे फार सोपे असते, आणि चुकण्याची वाट मोकळी नसलेल्या भाकिताने काहीच सिद्ध होत नाही.

मेरी हेसी यांनी 1963च्या ‘मॉडेल्स अँड अ‍ॅनॅलॉजीज इन सायन्स’ या पुस्तकात प्रतिकृतीचे गुण तीन प्रकारांत वेगळे केले: मुळाशी जुळणारे, न जुळणारे आणि अजून न ठरलेले. न्यायशास्त्रातला साधर्म्य-वैधर्म्याचा विचारही याच वळणाचा. मातीच्या ज्वालामुखीत वायू द्रवाला वर ढकलतो, हे साधर्म्य अस्सल आहे. खरा शिलारस वर येताना त्याच्यावरचा दाब घटतो, आणि त्यात विरघळलेली पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड बुडबुडे होऊन सुटतात. वैधर्म्यही मोठे आहे: तिथे वायू आधीपासून विरघळलेला असतो, इथे तो अभिक्रियेतून नव्याने जन्मतो. त्या अर्थाने हलवून उघडलेली सोडावॉटरची बाटली हे अधिक प्रामाणिक प्रारूप ठरते. न ठरलेले गुण सर्वांत मोलाचे. द्रव दाट केला तर उसळी बदलेल का, या प्रश्नाचे उत्तर शोधताना मूल थेट दाट, सिलिकायुक्त शिलारसाच्या स्फोटक उद्रेकापर्यंत पोहोचू शकते.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी आणखी एक वैधर्म्य पायाखालीच आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतला. तो लाव्हा मुख्यतः जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून थरावर थर पसरला. प्रदर्शनातल्या शंकूशी त्याचे रूप जुळत नाही. त्याच बेसाल्टमध्ये लोणारचे सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे गोल विवर आहे. आकारावरून आणि भोवतालच्या खडकावरून ते ज्वालामुखीचे मुख असल्याचे अनेक अभ्यासक दीर्घकाळ मानत होते. 1973 साली तिथल्या खडकांत तीव्र आघातानेच बनणारे मॅस्केलिनाइट सापडल्याचे प्रसिद्ध झाले, आणि विवर उल्कापाताचे असल्याचा निर्णय त्या पुराव्यावर झाला.