पिंजरा कुणासाठी?

आपल्या मराठी मंडळींच्या घरात कुत्रा असणं ही आता अमेरिकेत नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुलं हट्ट धरतात, आपण दोन वर्षं टाळतो, आणि मग एक दिवस आठ-दहा आठवड्यांचं पिल्लू घरी येतंच. त्याच्याबरोबर येतो क्रेट, म्हणजे तारांचा पिंजरा. आपण कामाला गेलो की पिल्लू त्यात. इथे वाढलेल्यांना त्यात वावगं वाटत नाही. माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती, तिला मात्र वाटलं. मुलींनी कुत्र्याचं नाव ठेवलं होतं बिस्किट, आईने पहिल्याच दिवशी त्याचा मोती केला. (दोन्ही नावांना येतो.) दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "अरे, या लेकराने गुन्हा काय केलाय?"

मला हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. ज्याने काहीच केलेलं नाही त्याला केवळ तो काहीतरी करेल म्हणून कोंडून ठेवणं योग्य आहे का?

क्रेटच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पिल्लाला जग तोंडाने कळतं. सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून नवे येत असतात, तेव्हा विजेची वायर काय आणि चप्पल काय, त्याला सारखीच. त्यात आपलं स्वयंपाकघर! शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. कांदा वाईट, चॉकलेट वाईट, आणि बिनसाखरेच्या च्युइंग गममधलं झायलिटॉल तर फारच वाईट. हे ज्याला सांगून समजणार नाही, त्याला काही महिने आवरून ठेवणं हा जुलूम नव्हे. तान्ह्या बाळाच्या पाळण्यालाही कठडे असतातच की.

पण प्रामाणिकपणे पाहिलं तर त्या कारणात दुसरंही एक कारण मिसळलेलं असतं, ते म्हणजे सोफा. आणि गालिचा. वायरपासून वाचवतो ते त्याच्यासाठी, सोफ्यासाठी कोंडतो ते आपल्यासाठी. सोफ्याची काळजी करणं पाप नाही, पण तिला प्रेमाचं नाव देऊ नये. पहिलं कारण वयाबरोबर ओसरत जातं. दुसरं कधीच संपत नाही, आणि म्हणूनच पाच वर्षांचा शहाणा कुत्राही रोज आठ तास पिंजऱ्यात दिसतो.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "त्याला आवडतो क्रेट. कुत्रा हा गुहेत राहणारा प्राणी." हे मला पटत नाही. लांडग्याची मादी बिळाचा आसरा घेते तो पिल्लांसाठी, तेही पहिले काही आठवडे. मोठे लांडगे उघड्यावरच झोपतात. शिवाय त्या बिळाला बाहेरून कडी नसते. सवयीने माणूसही कशात रमत नाही? रमला म्हणून कोंडणं रास्त ठरत नाही. स्वीडनमध्ये तर घरी कुत्र्याला असं पिंजऱ्यात बंद ठेवायला नियमानेच मनाई आहे. प्रवास, श्वानप्रदर्शन अशा कारणांपुरती सवलत आहे. तिथल्याही लोकांकडे सोफे आहेतच.

आईच्या आठवणीतला वाड्यातला कुत्रा मोकळा असायचा हे खरं. पण तो मोकळा होता त्यात आपली उदारता थोडी आणि बेफिकिरी जास्त होती. गाडीखाली गेला तर हळहळायचं, दुसरा आणायचा. ते स्वातंत्र्य मला परत नको आहे.

मग मधला मार्ग कोणता? खरी अडचण अशी आहे, की पिंजऱ्यातला कुत्रा विश्वासाला पात्र आहे की नाही हे पिंजऱ्यात कधीच कळत नाही. तिथे त्याने सोफा फाडला नाही, यात त्याचा गुण काय? विश्वास आधी थोडा टाकावा लागतो, पुरावा नंतर येतो. आणि मधल्या काळातली जोखीम ज्याच्या हातात कडी आहे त्याने उचलायची असते. महाभारतात महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिरामागे जो कुत्रा चालत गेला, त्याला कुणी दोरी लावली नव्हती. म्हणून तर त्याच्यासाठी स्वर्ग नाकारण्याला अर्थ आहे.

थोडा म्हणजे किती? न्यू जर्सी आपल्या मुलांना गाडी एकदम देत नाही. 17 व्या वर्षी तात्पुरता परवाना, रात्री 11 नंतर बंदी, सोबत मोजकीच माणसं, आणि पूर्ण परवाना 18 नंतर. आम्ही मोतीचं तसंच केलं. तो वर्षाचा झाल्यावर क्रेटचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघराला लहान मुलांसाठी मिळतं ते फाटक लावलं. वायरी उचलल्या, कचऱ्याचा डबा कपाटात, बेदाण्यांची बरणी वरच्या फळीवर. आधी लांब फेरी मारून त्याला दमवायचं, चघळायला रबरी खेळणं द्यायचं, आणि निरोपाचा सोहळा न करता निघायचं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग किराणा आणण्याइतका वेळ. सौ.ने फोनला जोडलेला कॅमेरा लावला. त्यात दिसायचं ते एवढंच, की तो दाराशी थोडा वेळ बसतो आणि मग झोपतो. एकदा पायपुसणं गेलं. आम्ही एक आठवडा मागे आलो, पुन्हा पुढे गेलो. आता दीड वर्षाचा आहे, चार तास खालच्या मजल्यावर मोकळा असतो. वरचा मजला अजून नाही.

जो कुत्रा एकटेपणानेच घाबरतो, त्याची गोष्ट वेगळी. तो गजांवर दात आणि नखं मोडून घेतो. तिथे कडी लावायची की काढायची हा प्रश्नच नाही, त्याची भीती आधी बघावी लागते, आणि त्यासाठी जनावरांच्या डॉक्टरकडे जावं.

क्रेट आम्ही टाकून दिलेला नाही. दवाखान्यात किंवा विमानात बंद राहायची वेळ आली तर त्याला सवय असलेली बरी. गणपतीत आमच्याकडे आरतीला तीस-चाळीस माणसं येतात, दार सारखं उघडं, आणि लहान मुलांच्या हातात बेदाणे घातलेला प्रसाद. ते दोन तास मोती क्रेटमध्ये, कडी लावून, माडीवरच्या शांत खोलीत. आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग बंद करताना त्याला सांगून कर." तसं सांगतो.