घोड्याची हौस

जॉर्ज वॉशिंग्टन नांवाच्या घोड्यानें २००६ सालीं इंग्लंडांत न्यूमार्केट येथील टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकली. त्या वर्षाअखेर, अवघ्या तिसऱ्या वर्षीं, आयर्लंडांतील त्याच्या धन्यांनीं त्यास पैदाशीकडे वळविलें. पण घोड्या फारशा गाभण राहीनात. म्हणून २००७ सालीं त्यास पुनः तालमींत आणलें. त्या वर्षीं त्यानें एकही शर्यत जिंकली नाहीं, आणि २७ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील मॉनमथ पार्कच्या चिखलांत पाय मोडल्यावर त्यास मारावें लागलें.

अशा वेळीं एक समर्थन हटकून ऐकूं येतें: जातिवंत घोड्यास धांवण्याचीच हौस, तबेल्यांत कुढण्यापेक्षां मैदान बरें. यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ही हौस २००६ सालीं कोठें गेली होती? तेव्हां घोडी फळविण्याची फी तिच्याहून जड होती. फी आटली आणि हौस आठवली!

घोड्याच्या मरणाचा दोष आम्ही त्या निर्णयावर लादीत नाहीं. पहिल्या वर्षींही तो असाच पडूं शकला असता. आमची हरकत त्याच्या नांवावर खपविलेल्या कारणास आहे. मुक्या प्राण्याचें वकीलपत्र घ्यावयाचें, तर तें दोन्ही सालीं घ्यावें. "आम्हांस पैसा हवा," असें धनी सरळ म्हणेल, तर त्याच्याशीं निदान वाद तरी घालतां येईल.

त्याचें एकुलतें अपत्य, डेट विथ डेस्टिनी ही घोडी, त्याच्या मागें २००८ सालीं जन्मली. पुढें तिलाही शर्यतींत उतरविण्यांत आलें.