बोली आणि मोल

वलगावजवळ, अमरावतीच्या वाटेवर, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. लोकवर्गणीतून धर्मशाळा उभ्या करणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी काहीच राखलं नाही. त्याच मुलखातल्या एका खेळाडूमुळे जुना प्रश्न नव्याने उभा राहतो: माणसाचं मोल बोलीने ठरतं का?

अमरावतीचा जितेश शर्मा हा यष्टिरक्षक-फलंदाज. २०१६ मध्ये आयपीएलच्या मुंबई इंडियन्सने त्याला घेतलं, पण एकही सामना न खेळवता सोडून दिलं. २०२२ मध्ये पंजाबने २० लाखांत घेतलं. नोव्हेंबर २०२४ च्या जेद्दाहच्या लिलावात बंगळुरूची बोली सात कोटींवर थांबली. पंजाबने त्याला परत घेण्याचा हक्क बजावला, तेव्हा बंगळुरूने थेट अकरा कोटी सांगितले आणि पंजाबने हात मागे घेतला.

त्या काही मिनिटांत जितेशच्या खेळात तसूभरही फरक पडला नव्हता. बदलली ती दोन संघांची गरज.

गीतेतला निष्काम कर्माचा विचार इथे कसाला लागतो. घर चालवणाऱ्याने पैशाकडे पाठ फिरवावी, असं त्यातून निघत नाही. पैसा कष्टाचाच आहे. मात्र बोली न लागलेली वर्षं वाया गेली, असं मानणं साफ चूक. २७ मे २०२५ रोजी लखनौत जितेशच्या बॅटमधून ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा निघाल्या, त्यामागे ती वर्षंही होती.

वऱ्हाडातल्या आईबापांनी मैदानावरून आलेल्या पोराला लिलावाचा आकडा विचारू नये. आज सराव कसा झाला, एवढंच विचारावं.